सव्वा मूठ गहू

भडगाव, ८ जून २०२५

चि. अमृत यास,

अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा निरोप सुकदेवच्या फोनवरून आला. ‘सगळं छान, काळजी नसावी.’ असा निरोप कोणीही कोणाच्याही फोनवरून धाडू शकतो. तेव्हा यापुढे निरोप नको आणि फोनही नको. स्वतःच्या हाताने कागदावर पत्र लिहायचं आणि त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवायचा. मीही तेच करतो आहे. हसू आलं तर हस. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म मी पोरांनी केलेल्या बापाच्या खोट्या सह्या पकडल्या. फोनवर माणूस काहीही बोलून जातो. अक्षर मात्र मला फसवत नाही.

आता मुद्द्याचं. धुळ्याच्या ज्या चर्चमध्ये माझ्या लहानपणी गोरे साहेब परदेशातून सेवेला यायचे, ते चर्च आता स्वतःची माणसं परदेशात सेवेला पाठवतं, हे ऐकून मला मौज वाटली. सुकदेव वळवी त्या चर्चचा, त्याने जावं. पण तुम्ही दोघं एका दुकानात ठिबकच्या नळ्या विकता, एवढ्यावरून तूही मलावी नावाच्या देशात जाऊन पोचलास, ते कसं? तू म्हणालास, अनाथ मुलांचं बालग्राम आहे, तिथल्या भाजीच्या वावरात ठिबक बसवून द्यायचं, तीन महिन्यांचं काम. ठिबक बसवणारा आफ्रिकेत एकही नव्हता का? कुठेतरी पाणी मुरतंय.

तुला माहीत आहेच, तरी लिहून ठेवतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली देवी कानबाई बसेल. आदल्या दिवशी भाऊबंद जमून तिच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू काढतील, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. माझा भाऊ, तुझे वडील, गेल्यापासून आपल्या घरात पुरुष म्हणजे तू आणि मी. कालच पारावर धनसिंग नानांनी सगळ्यांदेखत विषय काढला, “जो गडी चर्चनी रोटी खाई ऱ्हायना, त्याना नावनी मूठ कशी टाकानी?” नाना भाऊबंदकीत सगळ्यांत वडील. त्यांनी मूठ अडवली तर तू या कुळाचा राहत नाहीस, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आई बरी आहे. नेहमीसारखीच काही बोलत नाही.

तुझा,
हिलाल आबा


बालग्राम, मलावी, १४ जून २०२५

ती. आबांस,

साष्टांग नमस्कार.

घ्या, हाताने लिहिलेलं पत्र. ‘ळ’ला शेपटी बरोबर आली आहे का बघा. फोटो शनिवारीच मिळेल, कारण इथे आमचे फोन फाटकाजवळच्या ऑफिसात ठेवून घेतात. आधी आलेल्या पाहुण्यांनी मुलांचे नाहीत नाहीत ते फोटो काढून जगभर पाठवले म्हणे. शनिवारी गाडी बाजाराच्या गावाला जाते, तेव्हा फोन हातात पडतो. यात काही काळंबेरं शोधू नका.

बालग्राम म्हणजे विटांची बुटकी घरं गोल मांडलेली आहेत. प्रत्येक घरात एक आई आणि आठ-दहा मुलं. आई पगारावर नेमलेली, पण मुलं तिला आईच म्हणतात, आणि ती धपाटेही आईसारखेच घालते. माझं जेवण एस्नात नावाच्या बाईच्या घरी लावलं आहे. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पाल्याची भाजी. आईने दिलेला ठेचा आमच्या गटाने पहिल्याच दिवशी संपवला, त्यात पास्टरसाहेबांचा वाटा सगळ्यांत मोठा होता.

आबा, पाणी मुरतंय म्हणता ते अगदीच खोटं नाही. आलो तेव्हा मुलांनी रांगेत उभं राहून स्वागताचं गाणं म्हटलं, हसून, टाळ्या वाजवून. गाणं संपलं आणि सगळे चेहरे एकदम उतरले. दुसऱ्या दिवशी आम्हाला भोजनगृहाची भिंत रंगवायला ब्रश दिले. भिंत चांगली होती. मी नखाने खरवडून पाहिलं तर खाली निळा रंग, त्याच्याखाली पिवळा, त्याच्याखाली पुन्हा निळा. इथल्या माळ्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. येणारा प्रत्येक गट तीच भिंत रंगवतो. पाहुण्यांच्या हाताला काहीतरी काम द्यायला हवं ना. मी सरळ सांगितलं की मी रंगारी नाही, मला वावर दाखवा. सुकदेवचं तोंड वाकडं झालं. कोठीत कुणीतरी पूर्वी दिलेल्या ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी धूळ खात पडली होती. छिद्रं क्षाराने बुजलेली, म्हणून गुंडाळून ठेवलेली. आता ती धुतोय.

एस्नातच्या घरात तियामिके नावाची एक लहान मुलगी आहे. बाकीची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळतात. ही टाकीच्या आडून नुसती बघत राहते. मी चॉकलेट पुढे केलं तर तिने एस्नातकडे पाहिलं, आणि एस्नातने मानेने नाही म्हटलं. मागाहून मला म्हणाली, “तुम्ही लोक येता, पोरांना जीव लावता आणि जाता. मग रात्री रडणं मला ऐकावं लागतं.” तेव्हा तिकडे तुमचा चर्चवर संशय, आणि इकडे सगळ्यांत मोठा संशयित मी.

नानांना सांगा, रोटी नाही, मक्याचा गोळा आहे.

आपला,
अमृत


भडगाव, २२ जून २०२५

चि. अमृत यास,

आशीर्वाद.

अक्षर तुझंच आहे. एवढ्यापुरता माझा जीव थंड झाला.

पण काल नानांच्या नातवाने मला फोनवर एक फोटो दाखवला. त्या चर्चच्या लोकांनीच कुठेतरी टाकलेला, आणि फिरत फिरत भडगावात आलेला. तू मुलांच्या पंगतीत बसला आहेस. पुढे ताट आहे, हात जोडलेले आहेत, डोळे मिटलेले आहेत, आणि डोळे मनापासून मिटल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा झाला आहे. नुसतं मिटायचं म्हणून मिटणाऱ्या पोराची एक पापणी फडफडते, हे मी वर्गात रोज पाहिलं आहे. तुझी एकही पापणी फडफडलेली नाही.

दुसरी गोष्ट, गळ्यात दोरा दिसतो. त्याला पुढे काय बांधलं आहे ते शर्टाच्या आत आहे. मी फोटो मोठा करून करून पाहिला.

तिसरी गोष्ट तुझ्याच पत्रातली. मुलांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून फोन काढून घेतात म्हणतोस. मग मुलांच्या पंगतीतला हा फोटो कोणी काढला आणि कोणी पाठवला? म्हणजे नियम तुम्हाला एक आणि त्यांना एक. अशा ठिकाणी आणखी काय काय दोन दोन असेल?

नाना म्हणतात, लेखी घ्या. मीही म्हणतो, हरकत काय आहे? एक ओळ लिही. ‘मी कोणताही धर्म घेतलेला नाही, घेणार नाही.’ खाली सही. मी ती सगळ्यांना वाचून दाखवतो आणि तुझी मूठ बिनबोभाट पडते. हो की नाही, एवढंच लिहायचं आहे.

हिलाल आबा


बालग्राम, २८ जून २०२५

ती. आबांस,

नमस्कार.

पत्र वाचून डोकं फिरलं. आज बाजारात फोन हातात आल्यावर वाचलं; दोन चहा पिऊन लिहितोय, तरी शांत झालेलं नाही.

दहा पोरं हात जोडून गप्प बसलेली असताना मी एकटाच बकाबका खाऊ? तुमच्या शाळेत खिचडी वाढल्यावर तुम्ही आम्हाला डोळे मिटून श्लोक म्हणायला लावायचात. त्या रांगेत पिंजाऱ्यांची मुसलमान पोरंही बसायची. त्यांच्या बापांनी कधी तुमच्याकडे लेखी मागितलं होतं का?

गळ्यातला दोरा म्हणजे कोठीच्या किल्लीचा. नळ्या कोठीत आहेत. किल्ली पुढे पाठवू का तपासायला?

फोटो पास्टरसाहेबांनी काढला, आणि तुमचं खरं आहे, काढायला नको होता. एस्नात त्यांच्यावर इतकी भडकली की त्यांना माफी मागावी लागली. हे मी तुम्हाला मोकळेपणाने सांगतो, कारण मला इथलं काही झाकायचं नाही.

पण सही मी देणार नाही. मी काही केलं म्हणून नाही, आणि काही केलं नाही म्हणूनही नाही. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. तेव्हापासून तुम्ही मला वाढवलंत. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाबद्दल तुम्हाला काही ठरवता येत नसेल, तर एका ओळीने काय ठरणार आहे?

वावरात पहिल्या चार ओळींना पाणी लागलं. थेंब पडायला लागला तसं तियामिकेने टाकीच्या आडून बाहेर येऊन पाहिलं, आणि मी वळलो तशी परत पळाली. इथे सध्या थंडी आहे. संध्याकाळी थोडी कणकण वाटते. दमलोय म्हणून असेल.

अमृत


भडगाव, ८ जुलै २०२५

चि. अमृत यास,

एक शनिवार गेला, पत्र नाही. रागावला असशील तर रागाचं पत्र लिही, पण लिही. त्याच शनिवारी सुकदेवला फोन लावला तर तो उचलत नाही, आणि नंतर ‘सगळं ठीक’ असा निरोप टाकतो. ठीक असलेला माणूस फोन उचलतो.

आबा


बालग्राम, १२ जुलै २०२५

तीर्थरूप आबांना,

अमृतचा नमस्कार. उजव्या हाताला पाइप कापायच्या करवतीने लागलं आहे, म्हणून मी सांगतो आणि सुकदेव लिहून घेतो. जखम लहान आहे. प्रभूच्या कृपेने सर्व कुशल आहे. काम चालू आहे. आईला सांगा, काळजी करू नकोस. तुम्हा सर्वांची आठवण येते व तुमच्यासाठी प्रार्थना करतो. आईला म्हणावं, वेळेवर जेवत जा. कानबाईला यायला जमणार नाही, त्याचं वाईट वाटतं. आईला काळजी करू देऊ नका.

आपला,
अमृत


भडगाव, १४ जुलै २०२५

अमृत,

हे पत्र तुला लिहितो आहे की सुकदेवला, मला कळत नाही. जो वाचेल त्याने वाचावं.

हाताला लागलं म्हणतोस. डावा हात तर शाबूत आहे ना? माझ्या वर्गात हात मोडलेली पोरंसुद्धा डाव्या हाताने नाव गिरवायची. तुला सहीपुरतीही रेघ ओढता आली नाही? ‘तीर्थरूप आबांना’ तू कधी लिहीत नाहीस, ‘ती. आबांस’ लिहितोस. ‘प्रभूच्या कृपेने’ हे या घरातलं बोलणं नाही. आणि आईची काळजी एका लहानशा पत्रात तीन तीनदा? अपराध्याचं मन असंच एका जागी घुटमळतं.

मला सगळं समजलं. सही मागितली तेव्हा सही दिली नाहीस, आणि आता अक्षरही द्यायला तयार नाहीस. जे झालं ते स्वतःच्या हाताने लिहायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्याचा हात घेतलास.

पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती “बरं” म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. तिला याचं काहीच वाटत नाही का, हे मला कोडं आहे. हल्ली तिचं लक्षच नसतं. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून गेले दोन रविवार पहाटेच्या एसटीने धुळ्याला डॉक्टरांकडे जाते, संध्याकाळी परत येते. थेंब घालताना मात्र मी तिला पाहिलं नाही.

नानांना मी सांगून टाकलं, अमृतची मूठ या वर्षी पडणार नाही. हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

हिलाल


भडगाव, २८ जुलै २०२५

चि. अमृत,

हे पत्र सुकदेवने तुला वाचून दाखवावं. सुकदेव, तूच वाचतो आहेस हे मला माहीत आहे. वगळू नकोस काही.

काल रविवारी मी धुळ्याला गेलो. घरी सांगितलं, एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला जातो. खरं म्हणजे मला त्या चर्चमध्ये तुझं नाव कुठल्या यादीत लागलंय का ते बघायचं होतं. रंगेहाथ पकडायचं होतं. दारात लताबाई नावाच्या बाईंनी नमस्कार करून माझं नाव विचारलं. मी म्हटलं, “धनसिंग पाटील, एरंडोल.” देवाच्या दारात खोटं नाव सांगितलं. देव कोणाचाही असो, मला ते लागलं. चपला काढायच्या की नाहीत तेही उमगेना. शेवटी काढल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. पेटी होती, ढोलकी होती. डोळे मिटले असते तर आपल्या मारुतीच्या देवळातलं भजन वाटलं असतं, पण मी डोळे मिटले नाहीत.

मग पास्टरांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी फोन लावला आणि माइकपुढे धरला. सुकदेवचा आवाज आला. तो म्हणाला, अमृतच्या डोक्यात गेलेला मलेरिया आता उतरतोय. गेल्या रविवारी तो कोणाला ओळखत नव्हता. आज त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. साऱ्या हॉलमधून एकदम सुस्कारा निघाला, अमृत. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही अशा म्हाताऱ्या बायका तोंडावर हात घेऊन रडत होत्या. मी तुला कडेवर खेळवलं आहे, आणि तू आजारी आहेस हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक नव्हतं.

गृहस्थ म्हणाले, “अमृतच्या आईसाठी उभे राहू या.” सगळे उभे राहिले. मीही राहिलो. पहिल्या बाकावर एक बाई तेवढी बसून होती, डोक्यावरून पदर घेऊन. हिरव्या काठाचं ते लुगडं आमच्या अंगणातल्या तारेवर रोज वाळत असतं.

बाहेर आल्यावर लिंबाखाली मी तिला गाठलं. आणि तरीही, बघ माझा स्वभाव, माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? “कवापासून येस तू आठे?”

ती म्हणाली, “पोऱ्याले ताप उना ते सुकदेवनी सांगं तवपासून. त्यानी खबर आठे भेटस.”

“घरमा फोन नव्हता का?”

“घरमा फोन लावा तर तुम्ही दारमा उभा.”

मी म्हटलं, “माले सांगं का नही?”

तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. या घरात आल्यापासून तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, “तुम्हले सांगीसन काय उपेग, आबा? तुम्ही पहिले अक्षरच तपासशात.”

ती स्टँडकडे चालायला लागली, मीही मागून निघालो.

एसटीत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मला आधी तिचा राग आला, मग सुकदेवचा, मग त्या माइकवाल्या गृहस्थांचा. दवाखाना रविवारी बंद असतो हे मला एवढे दिवस सुचलं नाही, याचाही आला. पारोळ्याला ती खाली उतरून दोन चहा घेऊन आली. एक माझ्या हातात दिला आणि परत आपल्या बाकावर जाऊन बसली.

चर्चच्या फाटकातून निघताना नानांचा जावई समोरून आला. “राम राम आबा,” म्हणाला, आणि वर पाटी वाचत उभा राहिला. आता ते भडगावात पसरायला कितीसा वेळ लागतो?

तू बरा हो. बाकीचं नंतर.

आबा


जिल्हा रुग्णालय, ३१ जुलै २०२५

ती. आबांस,

नमस्कार.

अक्षर तपासून घ्या. वाकडंतिकडं आहे, पण माझंच आहे. अर्धं पान लिहायला सकाळपासून बसलोय.

हाताला काही लागलं नव्हतं, तापाने पेन धरवत नव्हतं. करवतीचं खोटं मी सांगितलं आणि सुकदेवने लिहिलं. ‘प्रभूच्या कृपेने’ त्याने स्वतःच्या पदरचं घातलं, त्याला तसंच लिहायची सवय आहे. त्याच्यावर रागावू नका. घरी कळवू नकोस अशी शपथ मीच त्याला घातली होती. तुम्हाला ताप कळला असता तर नानांना कळला असता, आणि नाना म्हणाले असते, देवी कोपली. मग आईला कोणी सुखाने पाणी पिऊ दिलं असतं का? सुकदेवने शपथ मोडून आईला सांगितलं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. बरं केलं त्याने.

इथल्या दवाखान्यात जेवण देत नाहीत. ज्याचं त्याच्या नातेवाइकांनी आणायचं, शेजारी चटई टाकून तिथेच राहायचं. पहिल्या दिवशी नर्सने विचारलं, याचं कोण आहे? एस्नात म्हणाली, मी. तीच एस्नात, जी मला चॉकलेट देऊ द्यायची नाही. घरातली पोरं शेजारणीच्या हवाली करून ती आठवडाभर खाली चटईवर झोपली. मी विचारलं, का? तर म्हणाली, “तू भिंत रंगवली नाहीस म्हणून.” हे ती थट्टेने म्हणाली की खरं, कळलं नाही. आमच्या गटाने ती भिंत शेवटी रंगवलीच. या वेळी पुन्हा पिवळी.

आबा, तुम्ही हो की नाही विचारलं होतं. आता शांतपणे उत्तर देता आलं असतं, पण पत्रातून देत नाही. आलो की समोर बसून सांगेन.

एक मागणं आहे. माझी मूठ टाकू नका. तुम्ही चर्चमध्ये दिसलात हे नानांना एव्हाना कळलं असणार. माझ्यापायी भाऊबंदकी फुटायला नको. एक वर्ष मी नसलो तर काही बिघडत नाही. तुमची मूठ सांभाळा.

अमृत


भडगाव, ५ ऑगस्ट २०२५

चि. अमृत यास,

अनेक आशीर्वाद.

काल कानबाई गिरणा नदीवर पोचवली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शनिवारी सगळे आपल्या ओट्यावर जमले. मधे सूप ठेवलं, गव्हाचं पोतं उघडलं. धनसिंग नानांनी पहिल्या मुठीलाच हात वर केला. म्हणाले, “अमृतनं जाऊ द्या. आबा, तुम्ही बी चर्चमा जाई उनात म्हणे. देवीसामने सांगा, बाटलात का नही?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या सुगंधाबाईंनी तर नीट ऐकू यावं म्हणून कानावरचा पदर मागे सारला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना उभं करून प्रश्न विचारले, त्याला सगळ्यांसमोर उभं केल्याची मजा काही तोंडांवर मला दिसली, आणि खोटं कशाला बोलू, ती रास्त होती.

‘नाही’ एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. ते खरंही होतं. पण लगेच दुसरा प्रश्न आला असता, अमृतचं काय? आणि अमृतचं मला माहीत नाही. म्हणजे मी माझं ‘नाही’ सांगून सुटलो असतो आणि तू एकटा मागे राहिला असतास. तू सही का देत नव्हतास ते मला त्या ओट्यावर कळलं. मी म्हटलं, “नाना, मी उत्तर देणार नाही. टाकायच्या तर दोघांच्या टाका, नाहीतर या घराची एकही टाकू नका.”

नाना उठले. त्यांच्यामागे त्यांची मुलं आणि आणखी दोन घरं उठली. त्यांनी आपले रोट वेगळे केले. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं आणि त्याचं मला फार दुःख आहे. तू नको म्हणालास तेच झालं. पण ते मी केलं, तू नाही. आल्यावर कोणी तोंडावर तसं म्हणालं तर हा कागद दाखव. बाकीचे बसून राहिले. काही माझ्याकडे पाहून, काही पुढ्यातलं पोतं सोडवेना म्हणून.

मग मी तुझं नाव घेतलं, मोठ्याने, आणि तुझी सव्वा मूठ सुपात टाकली.

तू तिथे काय झालास, काय नाही, हे मी विचारत नाही. विचारायचं फार मनात येतं. आज सकाळीसुद्धा तुझं पत्र उजेडात धरून पाहिलं, कुठे काही खोडलंय का म्हणून. स्वभाव एका महिन्यात जात नाही. पण विचारत नाही. सुकदेवला सांग, त्याच्यावर माझा राग नाही. आणि त्या एस्नातबाईंना माझा नमस्कार सांग. मी नातेवाईक असून गेलो नाही आणि त्या नसून गेल्या, असं म्हणालो म्हणून सांग.

राहिली माझी मूठ. आपल्या घरात स्वतःची मूठ स्वतः टाकत नाहीत. आधी तुझे वडील माझी टाकायचे, मागाहून तू टाकायला लागलास. मी आजूबाजूला पाहिलं. जे बसून राहिले होते त्यांचीही हिंमत होईना. टाकली तर उद्या त्यांच्याही नावाचा विषय पारावर निघाला असता. मी मान खाली घालून बसलो. म्हटलं, या वर्षी आपण नाही.

तेव्हा बायकांमधून तुझी आई उठली. तुझे वडील गेल्यापासून तिने कानबाईच्या सुपाला हात लावलेला नाही. कोणी लावू दिलेला नाही, आणि त्या कोणींमध्ये मीही होतो. ती आली, पोत्यात हात घातला, माझं नाव घेतलं. दिराचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. आणि तिने मूठ टाकली.

ती पुरी सव्वा होती की नाही, मी पाहिलं नाही.

तुझा,
आबा